यादीतले दोन रिकामे बेड

त्या दवाखान्यापुढचा ‘२’ मी टाकलेला होता. तिथे दोन बेड रिकामे आहेत असं मला कोणीही सांगितलं नव्हतं. सकाळपासून चार वेळा फोन लावला, कोणी उचलला नाही. दहा वाजत आले होते. मी आदल्या दिवशीचा आकडा माउसने तसाच पुढच्या रकान्यात ओढला. एक्सेलमध्ये याला एक सेकंद लागतो.

कोरोनाची दुसरी लाट होती. मी बीडमधल्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. कार्यालयाचं आणि दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण त्यांची चूक नव्हती. आमच्यापैकी काही जणांना कंट्रोल रूमला लावलं होतं. नाव मोठं होतं. प्रत्यक्षात मीटिंग हॉलमध्ये चार टेबलं, तीन फोन आणि एक सारखा अडकणारा प्रिंटर. माझ्याकडे बेडची यादी होती. कोविडचे पेशंट घेणाऱ्या दवाखान्यांना रोज सकाळी फोन करायचा. साधे ऑक्सिजनचे बेड किती रिकामे, आयसीयूचे किती रिकामे, हे विचारून फॉरमॅट भरायचा आणि दहाच्या आत साहेबांकडे द्यायचा. तिथून यादी पत्रकारांच्या ग्रुपवर जायची, ग्रामसेवकांच्या ग्रुपवर जायची, आणि चहा संपेपर्यंत जिल्हाभर झालेली असायची. खाली ‘संपर्क’ म्हणून माझं नाव आणि मोबाइल नंबर.

साध्या ऑक्सिजन बेडवर मास्क लावून प्राणवायू देतात. तेवढ्याने ज्याचं भागत नाही त्याला आयसीयू. हा फरक एरवी मलाही नीट सांगता आला नसता. त्या दिवसांत तो सगळ्यांना पाठ झाला होता.

आकडा ओढायची सवय कुठून आली तेही सांगतो. दुष्काळाच्या वर्षांत मी टँकरचा रोजचा अहवाल करायचो. कोणत्या गावाला किती खेपा झाल्या, हे रोज वर कळवायचं. एखाद्या गावचा फोन लागला नाही तर तिथे लिहायचं ‘मागीलप्रमाणे’. म्हणजे काल होतं तेच. हे मला माझ्या सीनियरने शिकवलं, त्याला त्याच्या सीनियरने. रकाना रिकामा गेला तर वरून फोन येतो. चुकीचा आकडा गेला तर कोणाला कळतही नाही. इतकी वर्षं त्याने कोणाचं काही बिघडलं नाही, कारण टँकरचा अहवाल वाचून कोणी पाणी प्यायला येत नव्हतं. टँकर जायचा तिथे जायचाच. बेडची यादी वाचून मात्र लोक घरातून निघत होते. हा फरक माझ्या डोक्यात आला नाही.

यादी गेल्यावर वीसेक मिनिटांत फोन आला.

“साहेब, नेकनूरवरून अन्वर बोलतो. ग्यारेज हाय माजं. अम्मीचा ऑक्सिजन लई खाली आलाय. तुमच्या यादीत बीडच्या त्या दवाखान्यात आयसीयूचे दोन दिसतात. खरं हाय का?”

“यादीत आहे म्हणजे आहे.”

“न्हाई, कावून विचारतो, केजकडच्या एका सेंटरला साधा बेड मिळतोय. ते धरून ठेवतो म्हणालेत. पर डॉक्टर म्हणतात आयसीयू बघा. तिकडं जाऊ का हिकडं येऊ?”

तोपर्यंत त्या सकाळचे माझे साठ-सत्तर फोन झाले असतील. घसा बसला होता. हे मी कारण म्हणून सांगत नाही. कसं होतं ते सांगतो.

“आयसीयू आहे तर इकडेच या,” मी म्हणालो. “आणि लवकर निघा. बेड कोणासाठी थांबत नाही.”

दुपारी बाराच्या सुमारास पुन्हा तोच नंबर.

“साहेब, हे म्हणतात बेडच न्हाई. जरा बोलता का यांच्याशी? अम्मी जीपमधीच हाय.”

मी दवाखान्यात फोन लावला. या वेळी उचलला. काउंटरवरचा माणूस माझ्याहून थकलेला होता.

“दोन? कुठले दोन? काल संध्याकाळीच भरले.”

“यादीत दोन आहेत.”

“मग तुमच्या यादीत झोपवा त्यांना,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी अन्वरला फोन केला. खरं सांगायचं असेल तर तो क्षण होता. “चूक माझी झाली, आकडा जुना होता, आता पुढे कुठे जायचं ते आपण बघू,” एवढं म्हणायला काय लागत होतं? शेजारच्या टेबलावर आमचे मुळे साहेब बसले होते. मी आवाज खाली घेतला आणि म्हणालो, “आत्ताच गेले हो ते बेड. तुम्हाला जरा उशीर झाला.”

पलीकडे जीपचं इंजिन चालू होतं.

“किती उशीर झाला, साहेब?”

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. तोंडाला आलं ते बोललो. “अर्धा तास.”

मग मी त्याला आणखी तीन ठिकाणं सांगितली. या वेळी प्रत्येक ठिकाणी आधी स्वतः फोन करून. संध्याकाळी त्याच्या आईला सरकारी दवाखान्यात जागा मिळाली. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

केजकडे नेलं असतं तर त्या वाचल्या असत्या का, हे मला माहीत नाही. कोणत्याही डॉक्टरला सांगता येणार नाही. या ‘सांगता येणार नाही’वर मी पुष्कळ दिवस टेकून राहिलो.

त्या फोननंतरच्या सकाळी त्याच दवाखान्याने पुन्हा फोन उचलला नाही. मी रकान्यात ‘माहिती मिळाली नाही’ असं लिहिलं. मुळे साहेब चष्मा कपाळावर चढवून माझ्या टेबलाशी आले.

“जोगदंड, हे काय?”

“फोन उचलत नाहीत, साहेब.”

“मग कालचा टाक ना.”

“काल आदल्या दिवशीचाच टाकला होता. पेशंट घेऊन माणूस तिथे गेला.”

मुळे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचे सख्खे मेहुणे तेव्हा ऑक्सिजनवर होते.

“रिकामं दिसलं की पहिला फोन मला येतो रे. काय सांगू मी?”

“सांगा की जोगदंडने फोन केला, उचलला नाही. आणि साहेब, प्रत्येक आकड्यापुढे किती वाजता विचारलं ते लिहू का? लोकांना कळेल तरी.”

त्यांनी चष्मा खाली ओढून स्क्रीनवरचे रकाने मोजले. “वाढव कॉलम,” म्हणाले. “पण प्रिंट एका पानात बसली पाहिजे.”

अक्षर बारीक करून बसवली. पुढे एका मीटिंगमध्ये त्या वेळेच्या रकान्याचं कौतुक झालं. लाट ओसरल्यावर मला कोविड योद्धा म्हणून प्रमाणपत्र मिळालं. मी ते घेतलं, टाळ्याही घेतल्या. तो रकाना कशामुळे आला हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी एका दुपारी ऑफिसच्या दारात एक माणूस उभा राहिला. चाळिशीचा, नखांत काळं ऑइल.

“जोगदंड साहेब ना? वळखलं का? अन्वर. नेकनूरचा.”

आवाजावरून ओळखलं. माझा नंबर त्याने अजून ठेवला होता. फोन करून ऑफिसचा पत्ता विचारला तेव्हा मी नाव नीट ऐकलंही नव्हतं. आईच्या नावावर घराची जागा होती, तिथे वारस म्हणून दोघा भावांची नावं लावायची होती, कुठे अर्ज करायचा ते विचारायला आला होता. मी कागद सांगितले. मृत्यूचा दाखला, दोघांचे अर्ज, दोघांच्या सह्या.

“सही देईल भाईजान,” तो म्हणाला. “पर माज्यासमोर बसून न्हाई. कागद पोराच्या हाती पाठवतो म्हणतो.”

“का?”

“बोलत न्हाई ना. अम्मी गेली तवापासून.” तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. “आमी जीप घेऊन निघालतो त्या दिवशी. वाटंत मांजरसुंब्याला पोचलो आन् ध्यानात आलं, अम्मीचं आधार कार्ड आन् रिपोर्ट घरीच राहिले. कागदाबगर घेत नव्हते ना कुठं. मी गाडी फिरवली. भाईजान वरडत होता, नको फिरवू बे, तिथं जाऊन बघू. मी ऐकलं न्हाई. जायला यायला अर्धा घंटा गेला. तुमीच बोलले ना, अर्ध्या घंट्यानं बेड गेला. भाईजान म्हणतो, तूच मारलं अम्मीला. खरंच हाय त्याचं.”

माझ्या हातात अर्जाचा कोरा नमुना होता. मी तो वाचत असल्यासारखं केलं.

“पर तुमचं नाव काढतो आमी घरात, साहेब,” तो उठता उठता म्हणाला. “त्या टायमाला कुणी फोन उचलत नव्हतं. तुमी उचलला.”

मी त्याला पुन्हा बसवून चहा पाजला. अर्ज स्वतः भरून दिला. जिन्यापर्यंत सोडायला गेलो. एवढं सगळं केलं आणि तेवढं एक सांगितलं नाही.

त्यानंतर पाच महिने गेले. या पाच महिन्यांचा मी कोणताही बरा अर्थ लावू शकत नाही. रोज वाटायचं की आता सांगून काय उपयोग, बाई तर गेल्या. उपयोग काय हे मला चांगलं कळत होतं. एक माणूस मी रचलेल्या अर्ध्या तासापायी भावाला मुकला होता. तो अर्धा तास खोटा होता हे जगात फक्त मला माहीत होतं. उद्या मी रस्त्यात गाडीखाली आलो असतो तर ते कोणालाच कळलं नसतं.

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला कशाला सांगताय? बस स्टँड कुठंय माहीत नाही का तुम्हाला?”

एका सुट्टीच्या दिवशी सकाळच्या एसटीने नेकनूरला गेलो. अन्वरचं गॅरेज विचारत विचारत सापडलं. तो एका ट्रॅक्टरशी झटत होता. मला बघून हसला, स्टूल पुसून दिलं, चहा सांगायला लागला.

“चहा नको. आधी ऐक. त्या दिवशी तो बेड नव्हताच.”

“म्हंजे?”

“आदल्या संध्याकाळीच भरला होता. मी चौकशी न करता जुना आकडा टाकला. तू गाडी फिरवली नसतीस तरी बेड नव्हता. पहाटे निघाला असतास तरी नव्हता.”

त्याने हातातला पाना ट्रॅक्टरच्या चाकावर ठेवला.

“आन् अर्धा घंटा?”

“मी बनवून सांगितला. माझी चूक झाकायला.”

तो खाली बघत हात पुसत राहिला. हात पुसून झाले तरी पुसत होता. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, हेही खरं आहे.

“माज्या पोरीच्या निकाहाला भाईजान आला न्हाई, साहेब,” तो म्हणाला. “समोरच्या गल्लीत राहतो. मांडवातून त्याचं दार दिसत व्हतं.” मग आवाज चढला. “ऑफिसात चहा पाजला तुमी मला! तवा तोंड न्हवतं का?”

“होतं. धीर नव्हता.”

“मग मला कावून सांगता आता? त्याला सांगा. चला, बसा गाडीवर.”

मोठा भाऊ रशीद बाजारात फळांचा गाडा लावतो. दाढी पांढरी झालेली. आम्ही पोचलो तेव्हा तो एका बाईला मोसंबी तोलून देत होता. अन्वरला बघितलं आणि तोंड फिरवलं. अन्वर दहा पावलं लांब, गाडीवरच बसून राहिला. मी पुढे गेलो. नाव सांगितलं, कुठे नोकरी करतो ते सांगितलं, आईच्या बेडबद्दल बोलायचं आहे म्हणालो.

रशीदने मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

“किती दिले त्यानं तुमाला?”

“कशाचे?”

“हे बोलायचे. सरकारी माणूस सुट्टीच्या दिवशी फुकट येतो व्हय नेकनूरला?”

मोसंबी घेणारी बाई पिशवी धरून तिथेच थांबली होती. शेजारच्या केळीवाल्यानेही मान वळवली. माझ्याकडे पुरावा म्हणून काहीच नव्हतं. जुनी यादी आणली असती तरी तिच्यात ‘२’ असंच छापलेलं होतं. मी गाड्याच्या कडेला हात टेकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

“रशीदभाई, कोणी काही दिलं नाही. तुमच्या आईला बीडला मी बोलावलं. बेड आहे की नाही हे न विचारता मी यादीत आकडा टाकला, आणि आहे म्हणून फोनवर सांगितलं. बेड नव्हता. मग माझ्यावर येऊ नये म्हणून तुमच्या भावाला उशीर झाला असं खोटं बोललो. त्याने गाडी फिरवली म्हणून काही गेलं नाही. मला माफ करा. मला नाही केलंत तरी चालेल, मी ऐकून घेईन. पण त्याला माफ करायचं काही नाही, रशीदभाई. त्याची चूकच नव्हती.”