बेंच ड्रिल आणि हौदाचं झाकण

माझ्या घरात एक बेंच ड्रिल आहे. पाहुणे विचारतात, "हे कशाला हो बाई तुम्हाला?" मी सांगते, शाळेची साधनं करायला घेतलं होतं. ते खरंच आहे. पण त्यावर मी सगळ्यात नेटकं काम कोणतं केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी विज्ञान शिकवायची. शाळेत साधनांच्या नावानं दोन फाटके तक्ते. म्हणून लाकडी फळ्यांना भोकं पाडून, त्यात खुंट्या बसवून मी घरीच काहीबाही बनवायची. हँड ड्रिलनं पाडलेलं भोक दर वेळी तिरकं जायचं. खुंट्या दारुड्यासारख्या झुकायच्या आणि वर्ग खिदळायचा. नवरा म्हणायचा, "तूच तिरकी, तर भोक सरळ कुठून पडणार?" तो गेला आणि चिडवणारंही कुणी उरलं नाही. मागच्या खोलीतला त्याचा पलंग हलवून मी तिथं टेबल मांडलं. ठरवलं, स्वस्तातलं का होईना, उभं ड्रिल घ्यायचंच.

क्रांती चौकाजवळच्या दुकानात पहिल्यांदा एकटीच गेले. दुकानदारानं माझ्यामागून कुणी पुरुष येतोय का ते पाहिलं. कुणी येत नाही म्हटल्यावर एक लालभडक मशीन पुढं सरकवलं. "मॅडम, ये ले जाओ. लेझर लाइट है इसमें. भोक कुठं पडणार ते आधीच दिसतं." खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. रंग आवडला.

वाचले ती समोरच्या घरातल्या मामांमुळं. मामा म्हणजे काही नात्यातले नव्हेत, गल्लीचेच मामा. वेरूळकडच्या शेतकरी घरातले, वाळूजच्या एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला, नुकतेच निवृत्त झालेले. बोलणं मोजकं आणि तोंडावर. दुसऱ्या दिवशी ते माझ्यासोबत आले. लेझरकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बिट धरतो तो चक मुठीत पकडला आणि आडवा हलवला. आतून खडखड आवाज आला.

"ऐकलं का बाई? नवंकोरं हाय अन् आत्ताच दात हलायलेत."

मग त्यांनी खिशातून एक तार काढली, दोन ठिकाणी काटकोनात वाकवलेली. ती चकमध्ये आवळली आणि चक हातानं सावकाश फिरवला. तारेचं टोक मशीनच्या टेबलावर एका बाजूला घासत होतं आणि दुसऱ्या बाजूला अधांतरी फिरत होतं.

"टेबलच वाकडं. ह्याच्यावर कितीबी जीव टाका, भोक तिरपंच जाणार."

"चाचा, घर के काम को इतना कौन देखता?" दुकानदार वैतागला.

"घरच्या कामालाच बघावं लागतं," मामा म्हणाले आणि तार खिशात घालून बाहेर पडले.

चार दुकानं पालथी घातली. शेवटी छावणीतल्या एका दुकानात, कोपऱ्यात धूळ खात पडलेलं मळक्या हिरव्या रंगाचं मशीन त्यांनी उचलून पाहिलं. "स्वस्त घ्या, पण वजनात स्वस्त नको. लोखंड जड पायजे." चक हलला नाही. तार चहूकडून सारखी टेकली. वर ते लाल मशीनपेक्षा स्वस्तही निघालं. मामांनी ते रिक्षातून घरी आणलं, टेबलाला बोल्टांनी आवळलं. लाकडाला वेग जास्त, लोखंडाला कमी, त्यासाठी बेल्ट कसा बदलायचा, आधी पंच ठोकून भोकाच्या जागी खूण करायची, मग तेलाचा थेंब सोडायचा, सगळं शिकवलं. ती तारही मशीनच्या खांबाला अडकवून ठेवली. मी विचारलं, तुमचं काय द्यायचं? म्हणाले, "पानी द्या तांब्याभर."

पुढच्या वर्षी पाऊस रुसला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. आमच्या गल्लीमागं तेवढ्यात उंच इमारती उठल्या होत्या. प्रत्येकीचं बोअर शेजारणीपेक्षा खोल. मामांचं बोअर आटलं. माझ्या बोअरला थोडी धार होती, अंगणातल्या हौदात पाणी साठायचं. मीच मामांना म्हटलं, "न्या हो, विचारायचं काय त्यात?" ते रोज सकाळी दोन बादल्या नेत. दोनच, तिसरी कधी नेली नाही.

मग गल्लीतले बाकीचेही न विचारता येऊ लागले. एका दुपारी हौदाचा तळ दिसला आणि माझं डोकं फिरलं. झाकणाला कुलूप घालायचं ठरवलं. दोन लोखंडी पट्ट्या आणल्या, एक झाकणाला, एक हौदाच्या काठाला. बेल्ट खालच्या वेगावर आणला. पंच मारला, तेल सोडलं. दोन्ही पट्ट्यांची भोकं अशी समोरासमोर आली की कुलपाची दांडी लोण्यात जावी तशी आत गेली. मला आनंद झाला. आज त्याची लाज वाटते, पण झाला.

कुलूप फुकट्यांसाठी आहे, असं मी मनाला बजावत होते. पण त्याला दोन चाव्या होत्या. एक मामांना देता आली असती. एकाला दिली की दहा जण मागतील, म्हणून दोन्ही मी स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकल्या.

सकाळी मामा बादल्या घेऊन आले. कुलपापाशी थांबले. मी बाहेर आले, म्हटलं, "मामा, सगळेच येतात हो, म्हणून..."

"व्हय," ते म्हणाले. वाकून पट्टीवर अंगठा फिरवला. "भोकं सरळ पडलीत. कडंची धारबी घासून काढलीय. चांगलं झालंय काम."

टोमणा असता तर मी भांडले तरी असते. टोमणा नव्हता. ते खरोखरच काम पाहत होते.

"थांबा, उघडते मी."

"नाय बाई, ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर ते आले नाहीत. महिनाभरात माझंही बोअर आटलं. गल्लीत टँकर सुरू झाला, हौद असेल त्याच्या पाळीला हौदात पाइप, बाकीचे बादल्या घेऊन रांगेत. माझी पाळी आली तेव्हा टँकरवाल्यानं पाइप अंगणात ओढला, आणि झाकणाला कुलूप. मी विसरूनच गेले होते. धावत आत गेले. डबा सापडेना, सापडला तर घाईत सगळा सांडला. बाहेर पाइप सुरू झाला होता आणि बंद झाकणावर पाणी पडत होतं. गल्ली ओरडत होती.

चावी घेऊन आले तर मामांनी आपल्या दोन बादल्या पाइपखाली धरलेल्या, काठोकाठ भरलेल्या. मी कुलूप काढलं. पाइप हौदात गेला. मागोमाग मामांनी दोन्ही बादल्या माझ्या हौदात ओतल्या.

"मामा, अहो, ते तुम्ही न्या."

"तुमच्या पाळीचं हाय, बाई."

आणि रिकाम्या बादल्या घेऊन ते पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.