टर्मिनेटर

“वहिनी, हात मागे!”

साहेब भर ऑफिसात ओरडले आणि मी दोन्ही हात पदराखाली लपवले. चोरासारखे.

खंडेनवमी होती. नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर मला नोकरी लागली होती. घरी सासूबाई कुंकवाच्या करंड्याला हात लावू देत नसत. म्हटलं, ऑफिसात कोण बघतंय? सकाळी लवकर जाऊन चारही कॉम्प्युटरांना हळदकुंकू वाहिलं. टेबलाच्या कडेनं झेंडूची माळ सोडली. वायरीच्या टोकाचं चकचकीत टोपण मध्ये येत होतं, ते फिरवून काढलं. केवढी शहाणी मी!

दहा वाजता चारही मशीनं अडकली. साहेबांनी कुंकू पाहिलं. साहेब आपलेच, काशीतल्या मंगला गौरी मोहल्ल्यातले मराठी.

“विधवेच्या हातचं कुंकू. दुसरं काय होणार?”

दुबेजी म्हणाले, “भाभीजी, आपने तो मशीन को भी विधवा कर दिया.”

सगळे हसले. मीसुद्धा हसले. आज म्हातारपणी आठवलं तरी कान तापतात. हसले, मान हलवली, वर साहेबांना शुद्धीसाठी गंगाजळ हवं होतं तर तांब्या घेऊन संकठा घाटावर पळालेही मीच. बावळट!

दुपारी मेकॅनिक आला. टेबलाखाली शिरला.

“टर्मिनेटर किसने निकाला?”

मी ताटलीतल्या फुलांतून टोपण काढून दिलं. त्यानं ते बसवलं. मशीनं चालू.

“माताजी, चारों मशीनें एक ही केबल पर हैं. इसी को लॅन कहते हैं. तार का सिरा खुला छूटा तो सिग्नल टकराकर लौटता है, सब ठप. हब लगवा लीजिए. हर मशीन का अपना तार, एक बिगड़े तो बाकी चलें.”

आता नातीच्या घरी वायफाय आहे, तारच नाही. तेव्हा मात्र मला त्या तारेतलं सगळं कळलं. साहेबांनाही कळलं, शेजारीच उभे होते. तरी म्हणाले,

“ते असू दे. उद्यापासून तुम्ही डिस्पॅचला बसा. कॉम्प्युटर म्हणजे सरस्वती. शुभाचं काम आहे, वहिनी.”

म्हणजे कारण समजूनही अशुभ मीच! तिथं काहीतरी तुटलं माझ्यात. घरी गेले, जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी पोचले. माझ्याच कॉम्प्युटरपुढे बसले. काम सुरू केलं.

“वहिनी, उठा.”

“टोपण मी काढलं, साहेब. चूक माझी. कुंकवानं काय बिघडलं ते सगळ्यांसमोर सांगा. मोठ्यानं. मग उठते.”

हात कीबोर्डवर होते, पदराखाली नाही. दुबेजींनी खाली बघितलं. साहेब आपल्या खुर्चीकडे वळले.

मी उठले नाही. त्या दिवशी नाही, रिटायर होईपर्यंत नाही. माझ्या हातांचा ज्यांना विटाळ वाटतो, त्यांची लाज मी बाळगणार नाही. ज्याची त्यानं वागवावी.