नकाशातली टेकडी

दिंडोरी रस्त्यावरच्या टपरीवर मी स्थलदर्शक नकाशा पसरून बसलो होतो. कॉलेजच्या सहलीसाठी नकाशावरून निवडलेली टेकडी प्रत्यक्षात काही केल्या सापडत नव्हती. शेजारी चहा पिणारा माणूस वाकून बघत होता. कप खाली ठेवला की त्याचे हात गुडघ्यांवर नुसतेच पुढेमागे हलत, सवयच असावी.

"ह्या गोल रेषा कशाच्या, सर?"

"उंचीच्या. एका रेषेवर सगळीकडे सारखीच उंची. रेषा दाट असल्या की चढ उभा. सगळ्यांत आतली, तो माथा."

त्यानं माथ्यावर बोट ठेवलं आणि समोरच्या लालसर खड्ड्याकडे पाहिलं.

"नकाशा चुकलेला दिसतोय," मी म्हणालो.

"नकाशा नाय चुकला. टेकडी व्हती. मुरूम काढायला पोकलेनवर मीच व्हतो." मग हळूच म्हणाला, "माथ्यावर आमचा म्हसोबा व्हता. त्यालाच नारळ फोडून मशीन चालू केलं."

मी नकाशा आवरू लागलो. त्यानं तो माझ्याकडून घेतला आणि टेकडीवरून एकही घडी जाणार नाही अशा बेतानं दुमडून दिला.

तेव्हापासून तो माझ्या पिशवीत नीट बसत नाही. घडी बदलायचा धीर मात्र होत नाही.