स्पीकरची पारख

आमच्या शेजारच्या काकाजींना मी कधी कोणाच्या घरात बसलेलं पाहिलं नाही. चहासुद्धा ते फाटकाशी उभे राहून घेतात आणि रिकामा कप कुंपणावर ठेवून जातात. त्यांच्या आणि माझ्या खोलीची भिंत एकच आहे.

कॉम्प्युटरवर गाणी ऐकायला स्वस्तातले स्पीकर आणायचे म्हणून मी परतवाड्याहून अमरावतीला निघालो, तेव्हा ते न विचारताच एसटीत माझ्या शेजारी येऊन बसले. "पाहू," एवढंच म्हणाले.

दुकानदाराने पहिली जोडी लावली. मला आवाज बरा वाटला. काकाजी मात्र बाजूच्या बांगड्यांच्या दुकानात गेले आणि मधल्या भिंतीला कान लावून उभे राहिले. परत येऊन म्हणाले, "नाही. नुसतं धमधम करून राहिलं. शब्दच समजत नाही."

प्रत्येक जोडीला हेच झालं. बांगडीवाल्या चाचींनी शेवटी त्यांना स्टूल दिलं, त्यावरही ते बसले नाहीत. एका राखाडी जोडीला मात्र ते लगबगीने परत आले. "हेच घ्या भाऊ. साफ आयकू येते."

मला तिचा आवाज किरटा वाटला. पण एवढी पारख करणाऱ्या माणसापुढे काय बोलणार? मी तीच घेतली.

संध्याकाळी घरी गाणं लावलं. ते संपून दुसरं सुरू झालं, तशा भिंतीवर थापा पडल्या. मी घाईने आवाज कमी केला.

"बारीक काहून केला?" पलीकडून काकाजी म्हणाले. "मांगचंच लावा ना अजून एकडाव."