सावलीत वाळलेली मिरची

अकोल्याला कृषी संशोधनाच्या नोकरीत लागलो तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. साठ साल उलटलं होतं. आमच्या प्रयोगशाळेत प्रकाश मोजणारं एक यंत्र नवीनच आलं होतं. मिरचीची पूड द्रावकात भिजवायची, लाल अर्क गाळून काचेच्या नळीत घ्यायचा आणि त्यातून एकेका रंगाचा प्रकाश सोडायचा. कोणता प्रकाश किती अडला ते काटा दाखवायचा.

काम असं होतं. आमच्या शेतावरची सुधारित मिरची आणि दर्यापूरकडची गावरान मिरची वाळल्यावर सारख्याच दिसत. सुधारित वाण शेतकऱ्यांकडे वाढवायला दिला होता आणि त्यांच्याकडून बियाण्याच्या अख्ख्या मिरच्या परत घ्यायच्या होत्या. त्यात गावरान मिसळली आहे का, ते मला सांगायचं होतं. दोन्हींचे नमुने मी मोजले. हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर महिनाभर आकडेमोड केली आणि एक सूत्र काढलं. आलेखावर दोन घोळके इतके वेगळे पडले की साहेबांनी तो कागद भिंतीवर लावला. मी रोज येता-जाता त्याच्याकडे पाहत असे.

त्या सूत्राने पहिली नापास केली ती दर्यापूरजवळच्या एका माळीणबाईची मिरची. पन्नाशीची बाई. निरोप मिळताच मोटारीने अकोल्याला आली आणि पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "भाऊ, माही मिरची कावून नापास झाली?"

मी तिला आलेख दाखवला. तिने तो पाहिला, मग खिडकीतून बाहेर खळ्याकडे पाहिलं. तिथे सिमेंटवर आमची सुधारित मिरची भर उन्हात पसरलेली होती.

"बियाण्याची मिरची तुमी उन्हात वाळवता?" तिने विचारलं. "आमी त सावलीत वाळवतो. विकाची तेवढी उन्हात."

मला त्याच क्षणी कळलं. गावरानचे माझे सगळे नमुने माळ्यांच्या घरातल्या बियाण्यातून आले होते, म्हणजे सावलीतले. सुधारितचे सगळे आमच्या खळ्यावरचे, उन्हाने रंग विटलेले. बाईने सुधारित मिरचीच निगुतीने सावलीत वाळवली होती, म्हणून ती गावरान ठरली होती.

आणि मी म्हणालो, "मावशी, यंत्र खोटं बोलत नाही."

ती पिशवी उचलून गेली. तिचं बियाणं भेसळीचं, हे गावात कळायला वेळ लागणार नव्हता. तरी आठ दिवस मी गप्प राहिलो. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि तो कागद भिंतीवर होता. जेवण मात्र जाईना.

शेवटी आमच्याच शेतावरची पिकली मिरची तोडली. अर्धी उन्हात ठेवली, अर्धी सावलीत. वाळल्यावर मोजली. सावलीतली अर्धी सूत्राने गावरान ठरवली. आकडे घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे एवढे दिवस आपण ऊन मोजत होतो," एवढंच बोलले आणि कागद स्वतः उतरवला.

पुढच्या हंगामात दोन्ही वाण एकाच ओट्यावर, एकाच सावलीत वाळवले. यावेळी घोळके एकमेकांत थोडे शिरले, पण फरक होता, आणि तो वाणाचाच होता. बाईच्या मिरचीचे टिपून ठेवलेले आकडे स्वच्छ सुधारितच्या बाजूला पडले.

ते सांगायला मी स्वतः तिच्या गावी गेलो. तिने बियाणं राख लावून मडक्यात जपून ठेवलं होतं. जेवायला बसवलं, भाकरीवर ठेचा वाढला. घास हातात घेऊन मी कबूल केलं की मला त्या दिवशीच कळलं होतं.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावरच दिसलं थे. जेवा आता."

इतकं पोटभर मी त्या वर्षात जेवलो नव्हतो.

पण अहवालात मी लिहिलं, ‘वाळवण्याच्या पद्धतीतील फरक निदर्शनास आला.’ कोणी आणून दिला, ते लिहिलं नाही. आता अमरावतीत राहतो. त्या बाईने दिलेल्या बियाण्याची चार झाडं दरवर्षी अंगणात असतात. बियाण्याच्या मिरच्या मी जिन्याखाली, सावलीत वाळवतो. बायकोला तिथे झाडता येत नाही, म्हणून ती कुरकुरते. तिलाही हे सगळं मी यंदाच सांगितलं.