डब्यात उरलेला लसूण

न्हावऱ्याहून शिरूरला येणाऱ्या सकाळच्या एसटीत ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनाचे मोठे झाकण होते. सगळे त्याला बॉनेट म्हणत. त्यावर रोज जेवणाच्या डब्यांची दाटी असे. शिरूरला खोली घेऊन शिकणाऱ्या गावोगावच्या मुलामुलींचे ते डबे. कोणाला निळे फडके, कोणाच्या कडीला लाल दोरा. नाव लिहायची गरज कधी पडली नाही. बॉनेटच्या मधोमध ठेवलेल्या डब्यातली आमटी उन्हाळ्यात आंबते, कडेला ठेवलेल्या डब्यातली टिकते, हे मी आठवडाभराच्या निरीक्षणातून ठरवले होते आणि आमचा डबा कडेला ठेवावा, अशी विनंती कंडक्टरमामांना केली होती.

"बरं डाक्टरीणबाई," ते म्हणाले, "उद्यापास्नं डब्याचं रिझर्व्हेशन करतो. खिडकी पायजे का?"

ही नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. मी अकरावी सायन्सला होते. आमची वस्ती न्हावऱ्याच्या अलीकडे. आजोबांपर्यंत आमचे घर मेंढरांमागे फिरत असे. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, जमिनीत पाय रोवून कांदा आणि ऊस धरला. वस्तीवरून शिरूरला शिकायला गेलेली मी पहिली मुलगी. आप्पांनी परवानगी दिली ती एका अटीवर. एसटीच्या पायरीपाशी उभे राहून त्यांनी ती अट सांगितली होती: "अंगानं उतरलीस, आजारी पडलीस, तर दाखला काढून घरी आणीन. मंग रडायचं न्हाई." आप्पा दोनदा बोलत नसत. त्यामुळे माझ्या शिक्षणाची सगळी मदार माझ्या प्रकृतीवर होती, आणि प्रकृतीची खबर घरी पोहोचवणारे साधन एकच होते. डबा.

घरी फोन नव्हता. आईला वाचता येत नव्हते, त्यामुळे चिठ्ठीचा उपयोग नव्हता. डबे मात्र दोन होते. सकाळी भरलेला घ्यायचा आणि कालचा त्याच गाडीने परत द्यायचा. कालचा डबा धुवायचा नाही, असा आमच्याकडचा रिवाज. उरलेली भाकरी, भाजी शहरात टाकून देणे पाप समजत. ती डब्यातच परत जाई आणि आमच्या कोंबड्यांना मिळे. म्हणजे मी काय खाल्ले याचा अहवाल रोज दुपारी आईच्या हातात पडत असे. त्या अहवालात एक गोष्ट कायम असे. आई भाजीच्या फोडणीत लसणाच्या अख्ख्या पाकळ्या टाकायची आणि मी लहानपणापासून त्या वेचून बाजूला काढायची. तीन-चार तांबूस पाकळ्या झाकणाच्या कडेला चिकटून वस्तीवर परत जात. तिने लसूण कधी कमी केला नाही. मी तो कधी खाल्ला नाही.

पहिले वर्ष चांगले गेले, कारण खोलीत आम्ही दोघी होतो. माझी जोडीदारीण दौंडची. तिचे वडील रेल्वेत होते. तिचा डबा दौंडच्या गाडीने येई, माझ्यानंतर तासाभराने, आणि तो आल्याखेरीज मी माझा उघडत नसे. कॉलेजात निघण्यापूर्वी आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जेवायला बसत असू. आवर्तसारणीचा तक्ता समोरच्या भिंतीवर होता. जेवताना एकीने अणुक्रमांक सांगायचा, दुसरीने मूलद्रव्य. जी चुकेल तिने वर्तमानपत्र गोळा करून केर काढायचा. झाकणावर मांडलेला माझा लसूण पाहून ती म्हणायची, "एवढ्या निगुतीने तर मी प्रॅक्टिकलला पण काही वेगळं करत नाही."

अकरावीच्या सुट्टीत तिचे लग्न ठरले. ती परत आली नाही. तिची वळकटी न्यायला तिचा मामा आला. जाताना त्याने तिच्या बाजूची खिडकी लावून घेतली आणि ती मी नंतर उघडली नाही.

बारावीत खोलीभाडे मी एकटी देत होते, तशी एकटीच जेवतही होते. प्रत्यक्षात जेवत नव्हते. भूक लागत असे. डबा उघडला, पहिला घास घेतला, की खोलीत माझ्याच चावण्याचा आवाज ऐकू येई आणि हात थांबे. तीन भाकऱ्यांतली जेमतेम अर्धी संपायची. हे अडीच भाकऱ्यांचे प्रकरण वस्तीवर पोहोचले तर परिणाम उघड होता. मी समस्येचा विचार माझ्या पद्धतीने केला. मूळ कारणावर इलाज नव्हता. अहवाल तेवढा बदलता येण्याजोगा होता.

स्टँडच्या फाटकाशी एक म्हातारी पेरूची पाटी घेऊन बसायची. तिला मी माझे उरलेले जेवण देऊ लागले. ती खालच्या मानेने, सावकाश जेवायची आणि शेवटी भाकरीच्या तुकड्याने डबा इतका पुसून घ्यायची, की तळाशी तिला तिचे तोंड दिसावे.

"आईच्या हाताला चव हाय गं तुझ्या," ती एकदा म्हणाली. "तू का खात न्हाईस? शिकल्यावर भाकर कडू लागती व्हय?"

मी हसून वेळ मारून नेली. डबा रोज स्वच्छ परत जाऊ लागला. कंडक्टरमामांच्याही ते लक्षात आले. रिकामा डबा हातात तोलत ते म्हणाले, "आता कशी! पयलं डबा परत नेताना खुळखुळायचा. बारावीनं भूक वाढवली बघा." त्यांनी ही आनंदवार्ता वस्तीच्या थांब्यावर आईलाही दिली असणार. मी निर्धास्त झाले. माझ्या आकड्यांत कुठेही खोट नव्हती.

पंधरा दिवसांनी मी स्टँडवर उभी असताना गाडी लागली. मी बॉनेटकडे पाहिले. कडेची जागा मोकळी होती.

"डबा?" मी विचारले.

"आज त्यो तिकीट काढून आलाय," कंडक्टरमामा म्हणाले आणि मागच्या दाराकडे त्यांनी मान वळवली.

आई उतरत होती. डबा तिच्या काखेत होता. ती शिरूरला बाजाराच्या दिवशी आप्पांबरोबर येई. एकटी कधी आली नव्हती. माझ्याकडे तिने वरपासून खालपर्यंत एकदा पाहिले आणि ती चालू लागली. पेरूवाल्या म्हातारीने नेहमीसारखा हात वर केला. आईने ते पाहिले. म्हातारीचा हात अर्ध्यात खाली आला.

खोलीत आल्यावर तिने स्वतःच वर्तमानपत्र पसरले, डबा उघडला आणि म्हणाली, "जेव."

मी जेवले. तिच्यासमोर रेटून खाल्ले तरी पाऊण भाकरीच्या पुढे जाईना. ती गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत होती. मी सवयीने लसूण बाजूला काढला. तिसरी पाकळी झाकणावर ठेवली तेव्हा तिने माझा हात धरला.

"ह्यो रोज कोण खातं?"

मी हातातला घास डब्यात ठेवला.

"सतरा वर्सं झाली तुला, लसूण गिळला न्हाईस. आन् पंधरा दिस झाकण लख्ख! कंडक्टर म्हणतो, वहिनी, पोरगी जेवाया लागली. म्हटलं, व्हय, कोण तरी जेवतंय खरं."

मग मी सांगितले. म्हातारीचे सांगितले, दौंडच्या मुलीचे सांगितले, आप्पांच्या अटीचे तर तिला माहीतच होते. एवढे सलग मी कित्येक आठवड्यांत कोणाशी बोलले नव्हते. स्वतःचा आवाज मला अनोळखी वाटला.

"आप्पांना सांगशील?"

"काय सांगू? एकलीला घास जात न्हाई म्हणून? आपला तांबडा बैल गेला तवा जोडीच्यानं चार दिस वैरण हुंगली न्हाई. त्याचा काय कुनी दाखला काढला?" तिने डबा माझ्याकडे सरकवला. "म्हातारीला मी वायली भाकर देत जाईन. तिला न्हाई म्हणू नगस. पण तुझ्या डब्यात तिचं पोट बघाया लावू नगस मला."

आईचे माहेर इनामगाव. लहान असताना तिथल्या उत्खननावर ती मातीच्या पाट्या वाहायला जात असे. त्या दिवशी खोलीत तिने मला त्याबद्दल पहिल्यांदा सविस्तर सांगितले. हजारो वर्षांपूर्वीच्या घरांच्या चुली निघायच्या. साहेब लोक त्यांतली राख चाळायचे; जळका दाणा, हाडाचा तुकडा, काहीही टाकायचे नाहीत, सगळे पिशवीत भरायचे.

"मी म्हणायची, ह्यांना खरकट्याची काय एवढी हौस?" ती म्हणाली. "तर एक जण म्हणला, अगं, उरलंसुरलं हाय म्हणून त्यांचं जेवण आपल्याला दिसतं. लख्ख पुसलेल्या मडक्यातनं काय कळायचं?" झाकणावरच्या पाकळ्या तिने बोटाने एका रांगेत लावल्या. "तू मला पुसलेलं मडकं धाडत व्हतीस."

दुपारच्या गाडीने ती परत गेली. आप्पांना तिने काय सांगितले, मला आजवर कळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी डब्यात एकच भाकरी होती. म्हातारीची वेगळी, फडक्यात बांधलेली. मी पाऊण खाल्ली, पाव परत गेली. त्यानंतर पाऊणच आली. ती सगळी संपली, तेव्हा पुन्हा एक. ती संपल्यावर एक आणि वर चतकोर. चतकोर उरला की दुसऱ्या दिवशी तो वगळलेला असे. चार दिवसांनी पुन्हा येई. त्या सुमारास प्रयोगशाळेत आम्ही टायट्रेशन शिकत होतो. ब्युरेटच्या उभ्या नळीतून थेंब सोडायचा, ढवळायचे, रंगाकडे बघायचे, मग पुढचा थेंब. वस्तीवर चुलीपुढे बसून आई तेच करत होती, आणि तिच्या हाती माझ्या उरलेल्या तुकड्यांखेरीज रंग बदलून खूण देणारा कोणताही दर्शक नव्हता. दिवाळीपर्यंत मी दोन भाकऱ्यांवर आले. तीनवर कधीच गेले नाही. तिनेही आग्रह धरला नाही. दाखला कॉलेजातच राहिला.

पुढचे सगळे त्या दाखल्यातून निघाले. पुणे, एम.एस्सी., मग ही परदेशातली प्रयोगशाळा. परदेशी निघताना मला निरोप द्यायला आई वस्तीवरून दौंड स्टेशनवर आली होती, तेव्हा गाडीच्या खिडकीतून तिने डबा दिला आणि रिवाजाप्रमाणे म्हणाली, "परत धाड." मग आम्ही दोघीही त्या डब्याकडे पाहत राहिलो. तो माझ्याकडेच आहे. दोनच्या जोडीतला एक.

इथे सगळे आपापला डबा यंत्रात गरम करून संगणकासमोर बसून खातात. शिष्टाचार म्हणून कोणी कोणाच्या डब्यात डोकावत नाही. माझ्या खोलीत आवर्तसारणीचा तक्ता नाही. त्याची आता गरज नाही. संध्याकाळी भात लावते. उरलेला कागदी पिशवीत भरून खाली कचऱ्याच्या पेटीत टाकते. इथे कोंबड्या नाहीत, आणि काय टाकले याची नोंद कोणाकडेही होत नाही.

वस्तीवर आता फोन आला आहे. दर रविवारी मी फोनकार्डावरचा लांबलचक क्रमांक फिरवते. आई उचलते. "जेवलीस?" "जेवले." "काय केलं व्हतं?" मी भाजीचे नाव सांगते. "सरलं का समदं?" "संपलं." मग ती आप्पांच्या गुडघ्याचे सांगते, पाटाला पाणी आल्याचे सांगते. गेली दोन वर्षे हा संवाद जवळजवळ शब्दशः असाच होत आला आहे. लख्ख, एका रेषेत.

मागच्या रविवारी तो तसाच सुरू झाला.

"सरलं का समदं?"

"हो. सगळं."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. ती पाटाच्या पाण्याकडे वळली नाही.

"लसूण बी?" तिने विचारले.

मी पातेल्याकडे पाहिले. दोघींना पुरेल एवढा भात मी त्या दिवशीही लावला होता, रोजच लावते. वाटीभरही कमी झालेला नव्हता. कार्डावरची मिनिटे सरत होती आणि ती थांबून राहिली होती, जशी त्या दिवशी गुडघ्यावर हनुवटी ठेवून थांबली होती.

"भात उरलाय," मी म्हणाले. "जवळजवळ सगळाच. भाजी केलीच नव्हती."

"एकलीच हायेस?"

"हो."

 मग भांडे सरकवल्याचा आवाज आला. बहुधा ती चुलीजवळ जाऊन बसली असावी.

"उद्या मूठभरच लाव," ती म्हणाली. "किती उरतो, त्ये मला सांग. परवा बघू."