सात मिनिटांची तलफ

रविवारी दुपारी एकच्या सुमारास भाऊ आमच्या दारात उभे राहायचे, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "सात मिनिटं बसतो जी." मटणाची तलफ बरोबर सात मिनिटं टिकते, आठव्या मिनिटाला माणूस पुन्हा माणसात येतो, असा त्यांचा सिद्धांत होता. कुणी सांगितलं, असं विचारलं की उत्तर एकच, "अनुभव हाये."

खडकीच्या क्वार्टर्समध्ये ते आमच्या समोर राहायचे. मूळचे भंडाऱ्याचे, कारखान्यात माझ्याच सेक्शनला. त्यांच्या घरी मटण शिजलं की तीन जिन्यांना कळायचं. मग वहिनींची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी मटण बंद केलं. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही खा, मी करून देते." भाऊ म्हणाले, "मी खाणार आन् तू नुसता वास घेणार? तसं नाही जमत." त्या दिवसापासून दोघंही शाकाहारी.

पन्नाशी ओलांडलेला माणूस शाकाहारी होताना तुम्ही जवळून पाहिला नसेल, तर सांगतो. डब्यात शेवग्याची शेंग असली की भाऊ ती नळीसारखी टेबलावर आपटायचे आणि मग चोखायचे. मटणाचं दुकान टाळायला पुलावरून वळसा घालून बाजारात जायचे. त्या वळशाच्या शेवटी बिर्याणीची गाडी लागते, हे त्यांना पहिल्याच रविवारी कळलं, तरी वळसा त्यांनी सोडला नाही. वहिनी मटणाचाच मसाला वाटून पातोडीचा रस्सा करायच्या, त्यात बेसनाच्या वड्या. भाऊ दोन वाट्या ओरपून म्हणायचे, "मांडव झकास हाये. नवरदेव तेवढा नाही आला."

आमच्या टेबलावरची ती सात मिनिटं मात्र माझी परीक्षा असत. मी काय खाल्लं ते त्यांना सविस्तर ऐकायचं असे. एका रविवारी आमच्याकडे खिचडी होती. त्यांचा विरस नको म्हणून मी मटण रचलं.

"कोणता भाग आणला?"

"नुसती चाप. मस्त शिजली होती. नळी तर चोखतच बसलो."

"चापेत नळी कुठून आली?"

मी पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

"खिचडी होती का जी?" त्यांनी घड्याळ उचललं. "चार मिनिटं वाया गेली."

माझी खरी अडचण वेगळीच होती. बुधवारी आमच्याकडे मटण असे. मी आणि भाऊ कारखान्यात असताना वहिनी आमच्या स्वयंपाकघरात यायच्या आणि उभ्या उभ्या एक तुकडा खाऊन जायच्या. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ त्यांनी माझ्या बायकोला घातली होती. बायकोने ती मला सांगून मोडली आणि वर मलाच दम भरला. तेव्हापासून भाऊ समोर घड्याळाकडे बघत बसले की मी खिडकीबाहेर बघायचो.

पुढे सेक्शनमधल्या एकाच्या नातवाच्या जावळाचं जेवण होतं. वाढप्याने न विचारता मटण वाढलं. भाऊंनी हात आडवा धरला, पण उशिरा. आम्ही स्कूटरवरून परतलो. जिन्यात मला थांबवून म्हणाले, "तुम्ही सोबत चला. एकट्याने सांगवत नाही."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. भाऊंनी उभ्यानेच सांगून टाकलं, "तीन तुकडे खाल्ले."

वहिनींनी ताट बाजूला सारलं. आता रडतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"भावोजी, तुम्ही यांना काही सांगितलं का?"

"नाही."

"मग मीच सांगते. माझे एकोणीस झाले."

भाऊ सावकाश खाली बसले. "एकोणीस?"

"यांच्याकडे. बुधवारी."

ते चिडतील म्हणून मी दाराकडे सरकलो होतो. त्यांनी विचारलं ते एवढंच, "छातीत दुखलं का कधी?" वहिनींनी नकारार्थी मान हलवली. भाऊ उठले, त्यांच्यासाठी पाणी आणलं आणि ते स्वतःच पिऊन टाकलं.

"सांगायचं होतं मले," ते म्हणाले.

"तुम्ही शेंगा आपटत होते," वहिनी म्हणाल्या. "कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेली आणि सगळं कबूल केलं. डॉक्टरांनी पंधरवड्यातून एकदा मासा चालेल म्हणून सांगितलं. उकडलेला, बिनतेलाचा, बिनमसाल्याचा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "राहू द्या जी," भाऊ म्हणाले, "त्याच्यापेक्षा शेपू बरा." त्यानंतर ती दोघं खरोखर शाकाहारी झाली. आमचा बुधवारही मोकळा झाला.

गेल्या वर्षी भाऊ निवृत्त झाले आणि दोघं भंडाऱ्याला परत निघाली. मी आणि बायको स्टेशनवर पोहोचवायला गेलो होतो. गाडी हलली, आम्ही हात वर केले. आत खिडकीची जागा कुणाची यावरून दोघांचं जुंपलं होतं. वहिनींनी पर्स ठेवून जागा धरली होती आणि भाऊ त्या पर्सवरच बसू पाहत होते. आम्हाला हात करायचं दोघंही विसरली.